स्वभावाच्या बळावर व्यवसायातील ओळख: ‘व्हीआयए’ चाचणीचे परीक्षण

नागपुरात स्वतःच्या नावावर व्यवसाय करणाऱ्याला अलीकडे एक सल्ला सगळीकडून मिळतो: ‘आपला पर्सनल ब्रँड उभा करा.’ शिकवणी वर्ग चालवणाऱ्यांना तो अधिकच मिळतो. दहावी-बारावीचे निकाल लागले की धरमपेठ, सीताबर्डी, नंदनवन, मानेवाडा अशा सर्व भागांतील चौकांत गुणवंतांच्या छायाचित्रांचे फलक लागतात, त्यांवर बहुधा संचालकांचे छायाचित्र सर्वांत मोठे असते, आणि लगेच प्रवेशाची घाई सुरू होते. मी प्रतापनगर भागात आठवी ते दहावीच्या मुलांना गणित शिकवते. तुकड्या लहान ठेवते आणि फलक लावत नाही. अशा व्यवसायात शिक्षकाची ओळख कशाच्या आधारावर उभी राहावी, हा माझ्यासाठी पोटापाण्याचा प्रश्न आहे. म्हणूनच स्वभावातील बलस्थाने दाखवून देणाऱ्या ‘व्हीआयए’ या ऑनलाइन चाचणीचे हे परीक्षण सविस्तर लिहीत आहे. तुलनेसाठी गॅलप या कंपनीची ‘क्लिफ्टनस्ट्रेंग्थ्स’ ही सशुल्क चाचणी आणि शहरातील एका हॉटेलच्या सभागृहात झालेली ब्रँडिंगची कार्यशाळा यांचाही विचार केला आहे. कार्यशाळेचे आणि ती घेणाऱ्यांचे नाव देत नाही.

आधी चाचणीची पार्श्वभूमी. ख्रिस्तोफर पीटरसन आणि मार्टिन सेलिग्मन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००४ मध्ये माणसाच्या चारित्र्यगुणांचे एक वर्गीकरण प्रसिद्ध केले. मनाच्या आजारांची आणि विकारांची शिस्तबद्ध सूची मानसशास्त्राकडे आधीपासून होती; माणसात चांगले काय असते याचीही तशीच मांडणी असावी, हा त्यामागचा विचार होता. त्यांनी २४ गुण निश्चित केले आणि शहाणपण, धैर्य, माणुसकी, न्याय, संयम आणि स्वतःपलीकडच्या व्यापक गोष्टींशी असलेले नाते अशा सहा गटांत ते विभागले. जिज्ञासा, विद्याप्रेम, चिकाटी, प्रामाणिकपणा, दयाळूपणा, निःपक्षपातीपणा, विनय, सावधपणा, कृतज्ञता, विनोदबुद्धी हे त्यांतले काही गुण होत. अमेरिकेतील सिनसिनाटी शहरातली एक ना-नफा संस्था ही चाचणी चालवते. नाव आणि ईमेल नोंदवून चाचणी विनामूल्य देता येते आणि २४ गुणांचा उतरत्या क्रमाने लावलेला निकालही विनामूल्य मिळतो. पैसे मोजावे लागतात ते सविस्तर अहवालासाठी. विनामूल्य निकाल पुरेसा आहे, असे माझे मत आहे.

चाचणीच्या मूळ आवृत्तीत २४० विधाने होती, म्हणजे प्रत्येक गुणासाठी १०; सध्या प्रचलित असलेली आवृत्ती ९६ विधानांची आहे, म्हणजे प्रत्येक गुणासाठी ४. प्रत्येक विधान आपल्याला कितपत लागू पडते ते पाच पर्यायांतून निवडायचे असते आणि हे सारे साधारण पाव तासात होते. वेळ वाचतो हे खरे, परंतु एका गुणाचा अंदाज चार विधानांवरून बांधलेला असल्यामुळे निकालातील चौथा क्रमांक आणि सातवा क्रमांक यांच्यात फार मोठे अंतर मानू नये. वरचे पाच-सात गुण एक घोळका म्हणून पाहावेत, तळाचे पाच-सात दुसरा घोळका म्हणून, आणि मधल्यांच्या क्रमावर विसंबून कोणताही निर्णय घेऊ नये. गणिताच्या शिक्षिकेने आकड्यांबाबत एवढी काळजी घेणे स्वाभाविक आहे. तथापि ही सूचना निकालाच्या पानावर ठळकपणे दिसायला हवी होती.

आणखी एक गोष्ट समजून घ्यावी लागते. हा क्रम आपल्याच गुणांची आपसातली उतरंड आहे. दुसऱ्या कोणाशी आपली तुलना त्यात नाही, आणि तळाशी आलेला गुण म्हणजे दोष असेही त्यात म्हटलेले नाही. माझ्या निकालात निःपक्षपातीपणा, चिकाटी, विद्याप्रेम, सावधपणा आणि प्रामाणिकपणा वर आले. उत्साह आणि विनोदबुद्धी तळाशी गेल्या. चिकाटी आणि विद्याप्रेम यांचे मला नवल वाटले नाही. निःपक्षपातीपणा पहिला येईल, असे मात्र मी कधीच सांगितले नसते. माझ्या वर्गात फळ्यापाशी येऊन गणित सोडवण्याची पाळी प्रत्येकाला ठरल्याप्रमाणे मिळते, पहिला बाक हुशार मुलांसाठी राखलेला नसतो, जास्त गुणांच्या मुलांना शुल्कात सवलत देऊन ओढून आणले जात नाही. माझ्या लेखी हे वर्ग चालवण्याचे साधे नियम होते. ते माझ्या स्वभावातून आलेले आहेत आणि सगळीकडे तसे नसते, हे त्या निकालासमोर बसल्यावर प्रथमच नीट विचारात आले. या चाचणीचे सर्वांत मोठे मूल्य मला इथे दिसते. जे आपल्याला सहज जमते ते आपल्याला सामान्य वाटते, त्यामुळे जाहिरातीत आपण नेमके तेच सांगायचे सोडून देतो, आणि दुसऱ्याला जमते ते उसने घेऊन मिरवू पाहतो.

कार्यशाळेत नेमका याच्या उलट आग्रह होता. माणूस स्वतःच एक ब्रँड आहे ही कल्पना अमेरिकेतील व्यवस्थापन सल्लागार टॉम पीटर्स यांनी १९९७ मध्ये ‘फास्ट कंपनी’ या नियतकालिकातील लेखातून लोकप्रिय केली. तिचा पाया असा की मोठ्या कंपनीच्या बोधचिन्हाआड न लपता प्रत्येकाने आपले वेगळेपण आणि आपल्या कामाचा उपयोग स्पष्ट सांगावा. कार्यशाळेत मात्र वेगळेपणाचा शोध कुठेच नव्हता. दंतवैद्य, विमा प्रतिनिधी, घरगुती केक करणाऱ्या गृहिणी, वास्तुरचनाकार आणि आम्ही दोन-तीन शिक्षक अशा सर्वांना एकच साचा देण्यात आला: रोज एक रील, पहिल्या तीन सेकंदांत धक्का देणारे वाक्य, मोठा आवाज, ठरलेली एक लकब. आपण शांत स्वभावाचे आहोत असे एका बाईंनी सांगितले, तेव्हा तो स्वभाव म्हणजे दूर करायची अडचण आहे, असे उत्तर त्यांना मिळाले. काही हजार रुपये शुल्क घेऊन माणसाला त्याच्या स्वभावाबद्दल लाज वाटायला लावणे मला गंभीर चूक वाटते.

उदाहरण अर्थातच डॉली चायवाल्याचे दिले गेले. सदर भागातील टपरीवर चहा करणारा हा नागपूरकर फेब्रुवारी २०२४ मध्ये बिल गेट्स यांच्यासोबतच्या चित्रफितीमुळे जगभर पोहोचला. तथापि त्याचे रंगीबेरंगी कपडे, उंचावरून दूध ओतण्याची पद्धत आणि दाक्षिणात्य चित्रपटांतील नायकांसारखी ऐट ही त्या चित्रफितीच्या आधीपासून त्याच्या टपरीवर रोज दिसत होती. कॅमेरा नंतर आला. त्याच्याकडून शिकायचेच असेल तर ते हे शिकावे की त्याने स्वतःला शोभणारी गोष्ट वर्षानुवर्षे रोज केली. त्याच शहरातील दिव्या देशमुख जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातील बातुमी येथे कोनेरू हम्पी यांच्यावर मात करून महिला विश्वचषक जिंकली आणि ग्रँडमास्टर झाली. तिची ओळख पटावरच्या चालींनी घडवली. दोघांनाही नागपूर अभिमानाने आपले म्हणते. एकाच शहरात एवढ्या भिन्न ओळखी मान मिळवत असताना सभागृहातील सर्वांना एकच लकब शिकवणे म्हणजे व्यवसाय आणि माणूस या दोघांकडेही न पाहणे होय.

‘क्लिफ्टनस्ट्रेंग्थ्स’ ही चाचणी यापेक्षा कितीतरी अधिक विचारपूर्वक केलेली आहे. डोनाल्ड क्लिफ्टन (१९२४–२००३) या मानसशास्त्रज्ञांच्या कामावर ती आधारलेली आहे. तिच्यात विधानांच्या १७७ जोड्या असतात आणि प्रत्येक जोडीतील कोणते विधान आपल्याला अधिक लागू पडते ते २० सेकंदांत ठरवायचे असते. निकाल ३४ गुणविषयांत मिळतो आणि ते विषय काम तडीस नेणे, प्रभाव पाडणे, नाती जोडणे आणि धोरणात्मक विचार करणे अशा चार गटांत मांडलेले असतात. कमी शुल्कात वरचे पाच विषय कळतात. संपूर्ण ३४ विषयांचा क्रम हवा असेल तर अधिक पैसे द्यावे लागतात आणि शुल्क डॉलरमध्ये असते. कामाच्या ठिकाणी उपयोगी पडेल अशी भाषा ही तिची जमेची बाजू. ‘व्हीआयए’ माणूस म्हणून आपण कसे आहोत ते सांगते, तर ही चाचणी आपण काम कसे करतो त्याकडे पाहते, आणि चार-पाच माणसांच्या कार्यालयात कोणाला कोणते काम द्यावे हे ठरवताना दुसरी भाषा जास्त उपयोगाची ठरते.

दोन बाबी मात्र मला खटकल्या. पहिली वेळेच्या मर्यादेची. २० सेकंदांची अट विचार करून शोभिवंत उत्तर देण्याची सोय राहू नये म्हणून आहे, हे मान्य; परंतु मी दिली तशी ती इंग्रजीतून दिली, तर मराठी माध्यमात शिकलेल्या माणसाचा त्यातला बराच वेळ दोन विधाने वाचून समजून घेण्यातच जातो आणि निवड घाईची होते. दुसरी बाब आकड्यांची. वरचे पाच विषय त्याच क्रमाने दुसऱ्या कोणाचे असण्याची शक्यता सुमारे ३ कोटी ३० लाखांत एक आहे, असे या चाचणीच्या प्रचारात सांगितले जाते. हिशेब बरोबर आहे: ३४ × ३३ × ३२ × ३१ × ३० केले की ३,३३,९०,७२० येतात. तथापि हा हिशेब सर्व विषय लोकांमध्ये सारख्याच प्रमाणात आढळतात असे धरून केलेला आहे, आणि प्रत्यक्षात काही विषय पुष्कळांच्या यादीत येतात, काही क्वचित येतात. शिवाय क्रम बाजूला ठेवला तर हीच संख्या २,७८,२५६ वर येते. नागपूरसारख्या लाखोंच्या शहरात आपल्यासारखेच पाच विषय असणारी माणसे असणारच, आणि तसे असण्यात काहीही कमीपणा नाही. पालक शिक्षिकेकडे येतात ते तिच्यासारखी जगात दुसरी नाही म्हणून नव्हे. आपल्या मुलाशी ती कशी वागेल याची खात्री वाटते म्हणून येतात.

कोणतीही चाचणी असो, उत्तरे आपणच दिलेली असतात. आपण स्वतःला जसे समजतो तेच नीट लावून परत मिळते. या मर्यादेवर उपाय म्हणून मिशिगन विद्यापीठाशी संबंधित अभ्यासकांनी विकसित केलेली एक पद्धत मला फार उपयोगी वाटली. तिच्यात आपल्याला वेगवेगळ्या नात्यांतून ओळखणाऱ्या माणसांना आपण सर्वोत्तम वागलो असा एखादा प्रत्यक्ष प्रसंग लिहून द्यायला सांगायचे असते. विशेषणे मागायची नाहीत, प्रसंग मागायचे. मी जुन्या विद्यार्थ्यांना, काही पालकांना आणि आमच्या घरातल्या मंडळींना ही विनंती केली. एका विद्यार्थ्याने, जो आज अभियांत्रिकीला आहे, लिहिले, ‘मॅडम, माझे उत्तर चुकले होते तरी तुम्ही पहिल्या तीन पायऱ्यांचे गुण दिले आणि चौथी पायरी कुठे घसरली ते लाल पेनाने लिहून दिले. शाळेत शून्य मिळाले होते.’ एका पालकांनी दूरध्वनीवरच सांगितले, ‘मॅडम, तुम्ही आमच्या पोरीले कधी दुसऱ्या पोरीसंगं मोजलं नाही. ती आता गणिताले घाबरत नाही.’ चाचणीत आलेला निःपक्षपातीपणा म्हणजे प्रत्यक्षात लोकांना काय जाणवते, ते मला या दोन उत्तरांतून कळले. ‘व्हीआयए’चा निकाल आणि हे प्रसंग शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय पुढचे पाऊल टाकू नये, असा माझा आग्रह राहील, कारण निकालातला जो गुण कोणाच्याही प्रसंगात दिसत नाही, त्यावर ओळख उभारली तर ती टिकणार नाही.

यानंतर वर्गाच्या कामात जे बदल केले, ते याच दोन गोष्टींना धरून होते. शुल्क किती, तुकडीत मुले किती, प्रवेश कोणत्या क्रमाने देते आणि सवलत कोणाला व का मिळते, हे सारे मी आता माहितीपत्रकाच्या पहिल्याच पानावर लिहिते. पूर्वी हे प्रश्न विचारल्यावर सांगितले जात. आता तीच माझी जाहिरात आहे. गुणांची हमी मी देत नाही आणि तसे पत्रकात स्पष्ट लिहिलेले आहे. सावधपणा आणि प्रामाणिकपणा यांना दुसरे काही लिहिणे मानवणारे नव्हते. दर महिन्याला प्रत्येक पालकाला चार ओळींचे टिपण जाते, त्यात मूल कोणत्या पायरीवर अडते तेवढेच असते. इतर मुलांचा उल्लेख नसतो. चित्रफिती मीही करते, परंतु त्यांत माझा चेहरा नसतो. वही, पेन आणि हात दिसतात. एका फितीत एकच नेहमीची चूक घेते. उदाहरणार्थ, (अ + ब) चा वर्ग म्हणजे अ वर्ग अधिक ब वर्ग, असे मुले सर्रास लिहितात. मधले २अब का सुटते आणि चौरसाची आकृती काढल्यावर ते कुठे दिसते, हे मी न ओरडता, न घाई करता दाखवते. बघणाऱ्यांची संख्या माफक आहे. चौकशीला येणारे पालक मात्र आता पहिल्या वाक्यातच सांगतात की आम्हाला असेच शिकवणारे कोणी हवे होते, आणि ज्यांना दणदणीत जाहिरात आणि शर्यत हवी असते ते आपोआप दुसरीकडे जातात. दोन्ही गोष्टी मला समाधानाच्या वाटतात.

संशोधनाचा आधारही नेमकेपणाने सांगायला हवा. २००५ मध्ये सेलिग्मन, पीटरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात, आपल्या वरच्या गुणांपैकी एखादा गुण आठवडाभर रोज नव्या रीतीने वापरणाऱ्यांचे समाधान वाढले आणि तो परिणाम सहा महिन्यांपर्यंत दिसला. हा अभ्यास समाधानाबद्दल होता. ग्राहक वाढतात की उत्पन्न वाढते, हे त्यात मोजलेले नव्हते. ब्रँडिंगचे शुल्क घेणारा कोणी हा अभ्यास पुढे करून धंदा वाढण्याची खात्री देत असेल, तर ती खात्री स्वीकारू नये.

चाचणीच्या उणिवाही कमी नाहीत. आपल्याकडे स्वतःबद्दल चांगले बोलू नये असे संस्कार असतात. त्यामुळे ‘मी इतरांना मदत करते’ अशा आशयाच्या विधानापुढे आपला हात आपोआप मधल्या पर्यायाकडे जातो. माझ्या आईला मी ही चाचणी वाचून दाखवली तेव्हा तिने जवळपास प्रत्येक विधानाला मधलाच पर्याय सांगितला, आणि जिने आयुष्यभर वाड्यातल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांची बाळंतपणे व आजारपणे काढली तिच्या निकालात दयाळूपणा मध्यावर आला. अशा माणसांसाठी प्रसंग मागवण्याची पद्धतच अधिक न्याय्य आहे. दुसरी उणीव अशी की गुणाचा अतिरेक कसा ओळखावा, हे विनामूल्य निकालात पुरेसे येत नाही. निःपक्षपातीपणा ताठर झाला तर खरोखर अडचणीत असलेल्या मुलालाही नियम दाखवला जातो. सावधपणा वाढला तर नवी तुकडी सुरू करण्याचा निर्णय हंगाम उलटून जाईपर्यंत लांबतो. आपल्या बलस्थानाच्या नावाखाली आपण काय काय टाळतो, याची यादी प्रत्येकाने स्वतंत्रपणे करावी लागते. आणि नोकरीसाठी माणसे निवडताना किंवा मुलांची हुशारीनुसार विभागणी करताना या चाचणीचा उपयोग अजिबात करू नये. चार-चार विधानांच्या आधारावर दुसऱ्याचे भवितव्य ठरवणे अयोग्य आहे.

शिक्षक, समुपदेशक, शिवणकाम करणाऱ्या, आहारतज्ज्ञ, करसल्लागार, म्हणजे ज्यांच्याकडे ग्राहक परत परत येतो आणि व्यवहार माणसावर विश्वास ठेवून होतो, अशा सर्वांना मी ‘व्हीआयए’ची शिफारस करते. ज्यांना भागीदारांमध्ये किंवा कर्मचाऱ्यांमध्ये कामाची वाटणी करायची आहे आणि ज्यांना इंग्रजी वाचनाची सवय आहे, त्यांनी ‘क्लिफ्टनस्ट्रेंग्थ्स’चा पाच विषयांचा स्वस्त पर्याय घ्यावा; ३४ विषयांचा महागडा अहवाल घेण्याची घाई करू नये. कार्यशाळेला जाण्यापूर्वी आयोजकांना एकच प्रश्न विचारावा: शांत माणसाला तुम्ही काय शिकवता? ‘व्हीआयए’ शक्यतो संगणकावर आणि एका बैठकीत द्यावी, शब्द अडला तर अर्थ पाहून मगच उत्तर नोंदवावे, कारण इथे वेळेचे बंधन नाही. शिकवणी वर्ग चालवणाऱ्यांनी मार्चमध्ये दहावीची परीक्षा आटोपल्यावर ती द्यावी, म्हणजे लोकांकडून प्रसंग मागवायला एप्रिल मोकळा मिळतो आणि मे महिन्यात प्रवेशाची चौकशी सुरू होण्याआधी माहितीपत्रक नव्याने लिहून होते.